श्रीखंडाची वाटी, ‘पाप’ आणि वजनाचा काटा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ शक्य तिथे गाळलेत. सगळे गाळले असते तर मी वाटलेच नसते.)

लोकलमध्ये असाल, मेट्रोत असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आणि जेवता जेवता हा भाग ऐकत असाल तर आधीच सॉरी म्हणते, कारण शेवटी मी तुम्हाला जेवताना फोन बाजूला ठेवायला सांगणार आहे. म्हणजे माझाच पॉडकास्ट बंद करायला. असो.

आज बोलायचंय ते खाणं आणि वजन याबद्दल. पण कॅलरी, प्रोटीन, कीटो, यातलं काही नाही. त्यासाठी तुमच्या फोनवर आधीच पन्नास रील्स पडलेली असणार. मला बोलायचंय ते खाण्याकडे आपण कसं बघतो याबद्दल. पोळीचा घास तोंडात जाताना डोक्यात काय चालू असतं, आणि त्याचा वजनाशी काही संबंध आहे का? मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते. त्यामुळे या विषयावरचं संशोधन वाचतानाही सवय तीच राहिली, की इनपुट काय, आउटपुट काय, आणि मधे नक्की काय बिघडतंय.

चला, एक छोटा प्रश्न. समोर श्रीखंडाची वाटी आहे, वर केशर आणि थोडी चारोळी. पटकन सांगा, मनात पहिला शब्द कोणता आला? ‘सण’ की ‘पाप’?

हसू नका. आपण हा शब्द खरंच वापरतो. ‘अगं, दोन गुलाबजाम खाल्ले, फार पाप केलं.’ ‘आज डाएटची वाट लागली.’ खाण्याच्या बाबतीत आपण आरोपी, वकील आणि जज, तिन्ही एकटेच असतो.

जवळपास हाच प्रश्न न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या संशोधकांनी साधारण तीनशे लोकांना विचारला होता. श्रीखंडाच्या जागी चॉकलेट केक होता, एवढाच फरक. चॉकलेट केक म्हटलं की तुम्हाला अपराधी वाटतं की साजरं करावंसं वाटतं? बहुतेकांनी ‘साजरं करणं’ निवडलं, काहींनी ‘अपराधीपणा’. मग पुढचे काही महिने या लोकांच्या वजनाचा मागोवा घेतला. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

आता तुमचा अंदाज काय? मला आधी वाटलं होतं, ज्यांना अपराधी वाटतं ते जास्त सांभाळून खात असतील. मनाला टोचणी असली की हात आवरतो, हेच तर आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. निकाल उलटा आला. अपराधी वाटणाऱ्यांचं खाणं काही जास्त चांगलं नव्हतं. आपल्या खाण्यावर आपला ताबा आहे, असं त्यांना स्वतःलाच कमी वाटत होतं. ज्यांना वजन आहे तिथेच ठेवायचं होतं, त्यातले ‘साजरं करणारे’ दीड वर्षानंतर जास्त यशस्वी ठरले. ज्यांना वजन कमी करायचं होतं, त्यातले ‘अपराधी’ तीन महिन्यांत मागे पडले.

म्हणजे टोचणीने ब्रेक लागत नाही. मग ती नक्की करते काय?

एकादशी, दुप्पट खाशी

याचं उत्तर आपल्या आजीकडे आधीपासून आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कुठल्याही सायकॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा जुनी आहे. उपवास म्हणायचा, आणि मग साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, वर दाण्याची आमटी आणि भगर. माझ्या घरी उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा जास्त गर्दी असते.

१९७५ साली अमेरिकेत पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. कॉलेजच्या मुलींना बोलावलं आणि सांगितलं की चवीची चाचणी आहे. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन. मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं. चव बघा, हवं तेवढं खा. खरी मोजणी होती ती कोण किती आइस्क्रीम खातंय याची.

ज्या मुली एरवी डाएट-बिएट करत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलं होतं. पण ज्या मुली सतत वजनाची काळजी करत, मोजून मापून खात, त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक न पिता त्यांनी कमी खाल्लं, आणि मिल्कशेक प्यायल्यावर जास्त! पोट भरलेलं असताना जास्त.

का? कारण त्यांचं खाणं पोटावर चालत नव्हतं, नियमावर चालत होतं. आणि नियम मोडला की त्यांच्याकडे दुसरं काही उरत नव्हतं. आता मोडलंच आहे ना, मग खाऊन घेऊ, उद्यापासून परत कडक. हर्मन आणि जॅनेट पोलिवी यांनी पुढे याला एक नाव दिलं, मराठीत आपण त्याला सरळ ‘गेलं खड्ड्यात’ परिणाम म्हणू.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा सिस्टीमचा दोष आहे. तुम्ही असा प्रोग्राम लिहिलाय ज्यात दोनच अवस्था आहेत, ‘डाएट चालू’ आणि ‘डाएट मोडलं’. मधलं काही नाही. एक बिस्किट खाल्लं की थेट दुसऱ्या अवस्थेत, आणि तिथे मर्यादाच लिहिलेली नाही. एका बिस्किटाने वजन वाढत नाही हो. त्याच्या मागून जो पुडा संपतो, त्याने वाढतं. आणि पुडा संपवायला लावते ती टोचणी. मग पुडा संपल्याची टोचणी, त्यावर उतारा म्हणून उद्या आणखी कडक डाएट, आणि त्यामुळे परवा आणखी मोठा पुडा. हे चक्र आहे.

यातला कडक डाएटचा भाग शरीरालाही समजतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण युद्धात लढायला नकार दिलेले, स्वखुशीने आलेले होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव भागाने कमी झालं. पण महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या डोक्याचं काय झालं. ही मुलं दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलायला लागली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. ताटं चाटायची. जेवण ताणत बसायची. चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. आणि बंधन उठल्यावर कितीही खाल्लं तरी समाधान होईना.

यांच्यापैकी कोणालाही आधी खाण्याचं वेड नव्हतं. अर्धपोटी राहिल्याने ते लागलं. आता हे डोक्यात ठेवून विचार करा. आपल्यातलं कोणी तीन आठवडे काकडी आणि ब्लॅक कॉफीवर काढतं, आणि रात्री दीड वाजता केकचे व्हिडिओ बघत बसतं, तेव्हा आपण म्हणतो, ‘हिला जरा कंट्रोल नाही.’

‘हेल्दी आहे’ म्हटलं की चव जाते?

दुसरी वृत्ती. ऑफिसमध्ये कुणाच्या वाढदिवसाला डबा फिरतो. ‘हे नाचणीचे लाडू आहेत, गूळ घातलाय, एकदम हेल्दी.’ लगेच तीन हात मागे. तेच लाडू काही न बोलता पुढे केले असते तर संपले असते.

टेक्सास विद्यापीठातले राज रघुनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांच्या एका प्रयोगात चक्क मँगो लस्सी होती. लस्सी तीच. काहींना सांगितलं ही आरोग्याला चांगली आहे, काहींना सांगितलं फारशी चांगली नाही. ‘चांगली नाही’ ऐकलेल्यांना ती जास्त चविष्ट लागली. म्हणजे जे चविष्ट ते वाईट, आणि जे चांगलं ते बेचव, असं समीकरण अमेरिकन डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

मग २०१३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी तेच तिथे तपासलं. तिथे उलटं निघालं! फ्रेंच लोकांच्या मनात चांगलं म्हणजे चविष्ट, अशी जोडी होती. एकच पदार्थ ‘आरोग्यदायी’ म्हणून दिला तर त्यांना तो जास्त आवडला.

हे वाचल्यावर मी आपल्याकडच्या जुन्या ताटाचा विचार करायला लागले. वरणभात, त्यावर तूप, लिंबाची फोड, एक कोशिंबीर, एक उसळ, चटणी, लोणचं. यात ‘हेल्दी’ कुठलं आणि ‘टेस्टी’ कुठलं, सांगा बघू? आजीने असे दोन वेगळे डबे कधी केलेच नव्हते. हे डबे आपल्या पिढीने केलेत. एका डब्यात सॅलड आणि शिक्षा, दुसऱ्या डब्यात पिझ्झा आणि सुटका.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पॉल रोझिन यांनी १९९९ साली अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम आणि जपान अशा चार देशांत लोकांना खाण्याबद्दल विचारलं होतं. अमेरिकन लोक तब्येतीसाठी आपलं खाणं सर्वांत जास्त बदलतात, असं दिसलं. आणि तरी ‘मी चांगलं खातो’ असं म्हणणारे त्यांच्यातच सर्वांत कमी. फ्रेंच लोक सर्वांत कमी काळजी करतात आणि खाण्याचा सर्वांत जास्त आनंद घेतात. आता आकडे बघा. अमेरिकेत साधारण ४० टक्के प्रौढ स्थूल आहेत. फ्रान्समध्ये १७ टक्क्यांच्या आसपास. जपानमध्ये त्याहूनही बरेच कमी.

पण थांबा. ‘फ्रेंच लोक आनंदी असतात म्हणून बारीक असतात’ असं लगेच स्टेटसला टाकू नका. याच रोझिन यांनी नंतर पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या हॉटेलांत पदार्थांची वजनं केली. सरासरी प्लेट पॅरिसमध्ये २७७ ग्रॅमची, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅमची. आणि मॅकडोनाल्ड्समध्ये लोक किती वेळ बसतात तेही मोजलं. अमेरिकेत साधारण १४ मिनिटं, फ्रान्समध्ये २२. म्हणजे थोडं खायचं, पण सावकाश. आनंदाला तिथे सवयीची जोड आहे. ताट छोटं, वेळ मोठा.

वेळेचं कारण साधं आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. आपण स्टँडअप कॉल सुरू व्हायच्या आत सात मिनिटांत डबा संपवतो. निरोप येतो तेव्हा डबा धुऊन झालेला असतो.

‘जिममध्ये जाळून टाकू’

तिसरी वृत्ती, आणि ही आमच्या क्षेत्रात फारच जोरात आहे. मनगटावर बँड, दहा हजार पावलं, टीमची स्टेप चॅलेंज. ‘खा रे, उद्या पळून जाळून टाकू.’

ब्रेंट मॅकफेरन आणि अनिर्बान मुखोपाध्याय यांनी तीन खंडांतल्या पाच देशांत लोकांना एक प्रश्न विचारला. वजन वाढण्याचं मुख्य कारण काय, चुकीचं खाणं की व्यायामाचा अभाव? ज्यांचं उत्तर ‘व्यायामाचा अभाव’ होतं, त्यांचं स्वतःचं वजन सरासरीने जास्त निघालं. एवढ्यावर न थांबता त्यांनी काही लोकांना मुद्दाम व्यायामाचं महत्त्व सांगणारा मजकूर वाचायला दिला आणि मग समोर चॉकलेट ठेवलं. त्या लोकांनी जास्त चॉकलेट खाल्लं. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं.

हिशोब करून बघा. एक वडापाव साधारण तीनशे कॅलरीचा. तो ‘जाळायचा’ तर जोरात चालायचं तासभर. आपण वडापाव खातो चार मिनिटांत. व्यायाम करा, नक्की करा. साखर, रक्तदाब, झोप, मूड, सगळ्यासाठी तो औषधासारखा आहे. पण त्याला खाण्याचा दंड भरण्याचं काउंटर बनवू नका. दंड भरता येतो असं वाटलं की माणूस सिग्नल तोडतो.

दोन तासांनी की दोन वेळा?

आता महाराष्ट्रात खाण्यावर बोलायचं आणि दीक्षित-दिवेकर यांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. २०१८च्या सुमारास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर हा वाद होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने, आणि घरचं, स्थानिक खा. आमच्या घरात बाबा दीक्षितवाले, आत्या दिवेकरवाली. दिवाळीत फराळाच्या ताटावर दोघांची जुंपली होती. तोवर शंकरपाळी बाकीच्यांनी संपवली.

कोणाचं बरोबर, यात मी पडत नाही. मला दिसलं ते एवढंच की दोन्ही बाजूंच्या लोकांनी घड्याळ धरलं. पण घड्याळ पाळणारा माणूस कोणत्या मनाने जेवतोय, यावर कोणी बोललं नाही. बाबांनी दोन जेवणं शांतपणे घेतली, आवडीने खाल्लं, ती पद्धत त्यांच्या अंगवळणी पडली. आणि आमच्याच नात्यातले एक काका ५५ मिनिटं म्हणजे परीक्षा असल्यासारखे तुटून पडायचे, ‘आता रात्रीपर्यंत मिळणार नाही’ म्हणून. पद्धत एकच, वृत्ती दोन.

ताटात टाकायचं नाही

आता थोडं आपल्या घरात शिरूया. आपल्याला खाण्याकडे बघायला कोणी शिकवलं?

माझ्या आजीने १९७२चा दुष्काळ पाहिलाय. त्या वर्षी महाराष्ट्रात लोकांनी अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडीवर मुलं जगवली. ज्या बाईने हे पाहिलंय, तिच्यासाठी ताटात उरलेला भात हा अपमान आहे. ‘ताटात टाकायचं नाही’ हा तिचा नियम भुकेतून आलाय. आणि ‘अजून एक पोळी घे, माझ्या हातची’ हा आग्रह प्रेमातून. तिच्या काळात पाहुण्याला पोटभर वाढणं ही मोठी गोष्ट होती, कारण पोटभर असणंच मोठी गोष्ट होती. भाषेतही बघा. कोणी जरा जाड झालं की आपण म्हणायचो, ‘तब्येत सुधारली हं!’ वजन वाढणं म्हणजे सुधारणं.

नियम आजीचे, पण ताट आता आपलं आहे. त्यात दहा मिनिटांत येणारं पार्सल आहे, एकावर एक फ्री आहे, शेंगदाणा तेलाचा डबा महिन्याला दोनदा येतो. तुटवड्याच्या काळातले नियम मुबलकतेच्या काळात चालवले की गडबड होणारच. ‘ताटात टाकायचं नाही’ यावर माझा उपाय साधा आहे, आधी कमी वाढून घ्यायचं. मग आजीचाही मान राहतो आणि पोटाचाही.

आणि हे लक्षात ठेवा की तुटवडा संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या साधारण २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं, आणि त्याच वेळी जवळपास १९ टक्के स्त्रियांचं प्रमाणापेक्षा कमी. एकाच देशात, कधी एकाच सोसायटीत. चौथ्या मजल्यावरची बाई डाएटवर आहे, आणि तिच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई सकाळी चहावर निघालेली आहे. म्हणून खाण्याबद्दल बोलताना ‘लोकांनी कमी खावं’ असं सरसकट वाक्य मी तरी म्हणणार नाही.

आजीच्या वृत्तीत एक गोष्ट मात्र फार मोलाची होती. जेवण हे स्वतंत्र काम होतं. बसायचं, श्लोक म्हणायचा, जेवायचं, उठायचं. अन्नाला नमस्कार होता, भीती नव्हती. आणि ‘दोन घास कमी खावे’ हेही तीच सांगायची. अष्टांगहृदयात वाग्भटाने पोटाचे चार भाग सांगितलेत, दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा. जपानमध्ये ओकिनावाचे लोक म्हणतात, हारा हाची बु, म्हणजे पोट ऐंशी टक्के भरलं की थांबा. यात कुठे शिक्षा नाही बघा. थांबणं हा जेवणाचाच भाग आहे.

‘जरा सुटलीस गं’

आता या भागाचं खरं कारण सांगते. माझ्या मामेबहिणीला विचारून सांगतेय.

तिचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या घराने तिच्या वजनाचा प्रोजेक्ट हातात घेतला. साखरपुड्याला कोणीतरी म्हणालं, ‘फोटोत हात जाड दिसतात गं.’ दुसरी म्हणाली, ‘चार महिने आहेत, मनावर घे.’ तिने घेतलं. सकाळी गरम पाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही. हळदीच्या दिवशी पाटावर बसल्या बसल्या तिला चक्कर आली. फोटो मात्र छान आले, सगळ्यांनी कौतुक केलं. लग्नानंतर सात-आठ महिन्यांत गेलेलं सगळं वजन परत आलं, वर थोडं जास्तच. पण मला जास्त लागतं ते पुढचं. ती आता चारचौघांत जेवत नाही. पंगतीत ताटाशी खेळत बसते. आणि घरी, सगळे झोपल्यावर, ओट्याजवळ उभी राहून खाते. दिवा न लावता.

दिवा न लावता. अन्न चोरल्यासारखं. स्वतःच्याच घरात.

टोमण्याने माणूस बारीक होतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक अभ्यास. अमेरिकेत सहा हजारांवर लोकांकडे २००६ ते २०१० या काळात पाहिलं गेलं. सुरुवातीला स्थूल नसलेल्या पण वजनावरून भेदभाव सोसलेल्या लोकांमध्ये चार वर्षांत स्थूल होण्याची शक्यता इतरांच्या साधारण अडीच पट होती. अँजेलिना सुटिन आणि अँटोनिओ टेराचियानो यांनी हे २०१३ मध्ये मांडलं. ‘तुझ्या भल्यासाठीच बोलतोय’ म्हणणाऱ्या सर्व काका-काकूंना हा भाग जरूर फॉरवर्ड करा.

बाण कुठल्या दिशेला?

आता इंजिनिअर म्हणून माझ्यातला टेस्टर जागा होतो. वृत्तीमुळे वजन बदलतं की वजनामुळे वृत्ती? प्रामाणिक उत्तर आहे, दोन्ही. ज्याला लहानपणापासून ‘जाड्या’ म्हणून चिडवलंय, त्याला श्रीखंड बघून अपराधी वाटणारच. वर सांगितलेले काही प्रयोग लहान आहेत, काहींत फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलंय की लोकांच्या वजनातल्या फरकाचा मोठा भाग, साधारण ४० ते ७० टक्के, आनुवंशिक असतो. थायरॉइड आहे, पीसीओडी आहे, काही औषधं आहेत, रात्रपाळी आहे. तेव्हा ‘मन बदला, वजन बदलेल’ असं मी म्हटलं तर ती लबाडी होईल.

शिवाय काट्यावरचा आकडा तरी पूर्ण खरं कुठे सांगतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून तेवढा बारीक नसतो, आणि मधुमेह आपल्याला कमी वजनावरच गाठतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात. तुम्ही ‘मी तर बारीकच आहे’ म्हणून निवांत असाल, तर वर्षातून एकदा साखर तपासा आणि कंबर मोजा. आणि काट्यावर जास्त आकडा आला म्हणून स्वतःला नालायक ठरवत असाल, तर तेही बंद करा.

मग वृत्ती बदलून काय मिळतं? चक्र तुटतं. टोचणी, कडक डाएट, ‘गेलं खड्ड्यात’, परत टोचणी. जीन्स तुमच्या हातात नाहीत, दुसऱ्यांची तोंडं तुमच्या हातात नाहीत. या चक्रातली एक कडी मात्र आहे.

मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. एक, खाण्याला ‘चांगलं-वाईट’, ‘पाप’, ‘चीट’ हे शब्द लावायचे नाहीत. चीट म्हणजे फसवणूक. पुरणपोळी खाऊन कोणाची फसवणूक होते? दोन, ठरलेल्यापेक्षा जास्त खाल्लं गेलं तर पुढचं जेवण नेहमीसारखंच घ्यायचं, भूक असेल तेवढं. उपाशी राहून भरपाई नाही. तीन, दिवसातलं एक तरी जेवण बसून, वीस मिनिटं, स्क्रीनशिवाय. हो, हा पॉडकास्टही बंद. चार, कोणाच्याही शरीरावर बोलायचं नाही. बारीक झाली म्हणूनही नाही. ती का बारीक झाली, हे तुम्हाला माहीत नसतं.

आणि एक गंभीर गोष्ट. लपून खाणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, दिवसदिवस उपाशी राहणं, किंवा खाण्याची भीती वाटणं, हे तुमच्याकडे किंवा जवळच्या कोणाकडे होत असेल तर त्याला ‘नखरे’ म्हणू नका. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मामेबहीण आता एका समुपदेशकांकडे जाते. मागच्या रविवारी आमच्याकडे आली होती. आईने थालीपीठ केलं होतं, वर लोण्याचा गोळा. तिने एक घेतलं, टेबलावर बसून, आमच्याबरोबर, गप्पा मारत खाल्लं. कोणी काही बोललं नाही. आईने दुसरं वाढायला हात पुढे केला, मी आईकडे बघितलं, आईने हात मागे घेतला. पाच मिनिटांनी तिनेच विचारलं, ‘आत्या, अजून एक आहे का?’

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात खाण्याबद्दलचं कोणतं वाक्य सतत ऐकू येतं, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातली निवडक ऐकूया. तोपर्यंत, नीट जेवा, शांतपणे जेवा. भेटूया.